कुलंट बदलताना हमखास चुकणारा हिशेब

गाडीखाली टब सरकवायचा, रेडिएटरचा ड्रेन प्लग सैल करायचा, जुनं कुलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारं द्रव, वाहू द्यायचं आणि नवं ओतायचं. वरवर पाहता अर्ध्या तासाचं काम. गोम अशी, की छोट्या पेट्रोल गाडीत एकूण ४.५ लिटर कुलंट असेल, तर त्या प्लगमधून साधारण २.२ लिटरच बाहेर पडतं. बाकीचं २.३ लिटर इंजिनच्या ब्लॉकमध्ये (मुख्य सांगाड्यात), त्यावर बसलेल्या हेडमध्ये आणि डॅशबोर्डमागे दडलेल्या हीटरच्या छोट्या रेडिएटरमध्ये जिथल्या तिथे राहतं. घरी केलेल्या फ्लशिंगमध्ये, म्हणजे आतून धुऊन काढण्यात, जे बिघडतं, त्यातलं बरंचसं या मागे राहिलेल्या सव्वादोन लिटरचा विचार न केल्यामुळे. म्हणून इथे कृतीइतकाच भर हिशेबावर आहे.

उदाहरणाला रेडिएटरवरच झाकण असलेली छोटी पेट्रोल गाडी घेतली आहे. मारुती, होंडा, टोयोटा, ह्युंदाईच्या बऱ्याच गाड्या अशा असतात. फोक्सवॅगन, स्कोडासारख्या गाड्यांत रेडिएटरला झाकण नसतं. बाजूच्या जाड प्लास्टिकच्या बाटलीतच दाब असतो आणि भरायचं तिथूनच. तत्त्व तेच. मात्र इलेक्ट्रिक आणि हायब्रिड गाड्यांच्या बॅटरी किंवा इन्व्हर्टरच्या कुलंटला घरी हात लावू नका, आणि पुस्तिकेत ‘व्हॅक्यूम लावून भरा’ असं लिहिलेलं असेल तर ती गाडीही सर्व्हिस सेंटरचीच.

थंडीसाठी नव्हे, गंजासाठी

‘आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, पाणी घातलं तरी चालतं’ हे वाक्य अजून ऐकू येतं. गोठण्यापुरतं ते खरं आहे. पण कुलंट गोठू न देणं हे महाराष्ट्रात त्याचं सर्वांत बिनमहत्त्वाचं काम. खरं काम गंज रोखणं. इंजिनचा हेड ॲल्युमिनियमचा, ब्लॉक कधी बिडाचा तर कधी ॲल्युमिनियमचा, रेडिएटर ॲल्युमिनियमचा, जुन्या गाडीत पितळेचा. वेगवेगळे धातू एकाच गरम पाण्यात बुडालेले असले की त्यांतला एक दुसऱ्यापायी झिजतो. ही झीज रोखणारी रसायनं कुलंटमध्ये मुद्दाम घातलेली असतात आणि ती हळूहळू संपतात. कुलंटचा मुख्य घटक असलेलं इथिलीन ग्लायकॉल स्वतःही उष्णतेने विघटित होऊन आम्ल तयार करतं. म्हणून कुलंट दिसायला स्वच्छ, लेव्हल पुरेपूर, तरीही कामातून गेलेलं असू शकतं.

दुसरं काम उकळण्याचा बिंदू वर नेण्याचं, पण त्याचं श्रेय कुलंटला जरा जास्तच मिळतं. निम्मं ग्लायकॉल आणि निम्मं पाणी हे मिश्रण उघड्यावर १०७ ते १०८ अंशांना उकळतं, म्हणजे पाण्यापेक्षा फक्त सात-आठ अंश वर. झाकणाचा १.१ बार दाब मिळाला की साधं पाणीसुद्धा १२० अंशांच्या पुढे जाऊन उकळतं. मे महिन्याच्या उन्हात एसी लावून कसारा घाट चढताना इंजिनला वाचवण्यात त्या झाकणाचा वाटा मोठा आहे. झाकणाचं रबर कडक झालेलं किंवा चिरलेलं असेल तर महागडं कुलंट घालूनही गाडी उकळेल. फ्लश करतानाच ते बदलून टाका, पण झाकणावर छापलेला बारचा आकडा जुळवूनच. आकडा वाढवून काही साधत नाही. होस पाइप मात्र फाटतात.

आणखी एक गैरसमज म्हणजे घट्ट कुलंट जास्त चांगलं. निव्वळ ग्लायकॉल पाण्यापेक्षा खूपच कमी उष्णता वाहून नेतं आणि गंमत म्हणजे उणे १३ अंशांच्या आसपास स्वतःच गोठतं, तर निम्म्या पाण्यातलं उणे ३७ पर्यंत टिकतं. ३० ते ५० टक्के ही कामाची मर्यादा. ३० च्या खाली गंजरोधक कमी पडतात, ६० च्या वर गाडी उगाच गरम राहते.

रंगावर जाऊ नका

हिरवं, निळं, गुलाबी, लाल, नारिंगी. या रंगांना कोणतंही सर्वमान्य प्रमाण नाही. एका कंपनीचं हिरवं जुन्या सिलिकेट प्रकारचं, दुसरीचं हिरवं दीर्घायुषी सेंद्रिय आम्लांचं. जुन्या प्रकाराचं आयुष्य साधारण दोन वर्षं किंवा ४०,००० किलोमीटर, नव्याचं पाच वर्षांच्या घरात. दोन्ही एकत्र केली तर दीर्घायुषीचं आयुष्य घटतंच, आणि काही जोड्या तर अशा जमतात की आत जेलीसारखा गाळ धरतो. गाडीच्या पुस्तिकेत जो प्रकार लिहिला असेल तोच घ्या आणि डब्यावर आयएस ५७५९, एएसटीएम डी ३३०६ किंवा जेआयएस के २२३४ यांपैकी एखादं मानक छापलेलं आहे का ते पाहा. नुसतंच ‘रेडिएटर कुलंट’ असं मोठ्या अक्षरांत आणि मागे काहीच नाही, असा डबा दुकानात ठेवून या.

डब्यावर दुसरी गोष्ट पाहायची ती म्हणजे आतलं पाणी मिसळलेलं तयार मिश्रण आहे की पाणी न मिसळलेलं कॉन्सन्ट्रेट. या फरकावरच पुढचा सगळा हिशेब उभा आहे. पाण्याने फ्लश करणार असाल तर कॉन्सन्ट्रेटच घ्या.

पाणी म्हणजे डीएम वॉटर, क्षार काढून टाकलेलं, अर्थात बॅटरीत टॉप-अपला घालतात ते. बॅटरीचं ॲसिड नव्हे. दुकानात दोन्ही शेजारी-शेजारी असतात, लेबल वाचा. आरओचं पाणी बरं, पण त्यातही क्षार उरतात. बोअरचं पाणी अजिबात नको. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार नेमके सर्वांत गरम जागी, म्हणजे हेडमध्ये एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आजूबाजूला खपली धरतात. ही खपली धातूच्या मानाने उष्णता फारच कमी जाऊ देते. तापमानाचा काटा मध्यावर दिसत राहतो आणि हेड मात्र आतून भाजत असतो. कुलंट फॉस्फेटचं असेल तर असं पाणी त्याच्याशीही जुळत नाही, फॉस्फेटचीच खपली बसते.

आमच्या उदाहरणातल्या गाडीला लागेल: दोन लिटर ते अडीच लिटर कॉन्सन्ट्रेट, पाच लिटरचे डीएम वॉटरचे दोन कॅन, मापाच्या खुणा असलेली बादली, पसरट टब, नरसाळं, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, हातमोजे, चष्मा, टॉर्च. ड्रेन प्लगचं रबरी वॉशर आधीच आणून ठेवा. दिवस मोकळा ठेवा, कारण प्रत्येक फेरीनंतर इंजिन थंड होण्याची वाट पाहावी लागते आणि घाई नेमकी तिथेच होते.

पहिला निचरा

गरम गाडीचं झाकण उघडू नका. दाबाखाली ११० अंशांवर असलेलं पाणी झाकण फिरवताच उकळून उसळतं आणि ते थेट चेहऱ्यावर येतं. गाडी रात्रभर उभी असेल तर उत्तम, नाहीतर दोन-तीन तास थांबा. वरचा होस पाइप हाताने दाबून पाहा. मऊ आणि गार लागला तरच झाकणावर जाड फडकं टाकून सावकाश फिरवा. अनेक गाड्यांत चावी बंद असतानाही पंखा अचानक सुरू होऊ शकतो, म्हणून बोटं पंख्यापाशी नेण्याआधी बॅटरीची मायनस वायर काढा. गाडीखाली शिरायचं तर नुसत्या जॅकवर कधीच नको, स्टँड लावूनच.

ड्रेन प्लग रेडिएटरच्या तळाला, एका कोपऱ्यात असतो. तो प्लास्टिकचा असतो आणि जुना झाला की ठिसूळ होतो. शक्यतो हाताने फिरवा, पक्कड लावलीच तर बेताने. प्लग नसेल तर खालचा होस पाइप काढावा लागतो. पाइप चिकटून बसलेला असेल तर स्क्रूड्रायव्हर खुपसून उचकटू नका, कारण रेडिएटरच्या टाकीची नळीही प्लास्टिकचीच असते आणि एकदा मोडली की रेडिएटर बदला. पाइप हातात धरून डावी-उजवीकडे पिळा. तरी निघत नसेल तर ब्लेडने उभा चिरून काढा आणि नवा बसवा. ते स्वस्त पडतं.

निघालेलं कुलंट मापाच्या बादलीत ओता आणि आकडा लिहून ठेवा. एकूण क्षमता पुस्तिकेत असते. एकूण वजा निघालेलं म्हणजे आत राहिलेलं. पुढच्या प्रत्येक पायरीला हा आकडा लागणार आहे.

मग रंग पाहा. नुसतं फिकं झालेलं ठीक. तांबूस गढूळ म्हणजे आत गंज. पांढरट कण म्हणजे खपली. वर तेलाचा तवंग किंवा दुधाळ चिकट थर दिसला तर फ्लशिंग तिथेच थांबवा. हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) किंवा ऑइल कूलर गेलेला असू शकतो आणि पाण्याने धुऊन तो बरा होत नाही.

हे कुलंट गटारात, अंगणात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. ग्लायकॉल चवीला गोडसर असतं. कुत्री-मांजरं ते चाटतात आणि मांजराला दोन-तीन चमचेसुद्धा जीवघेणे ठरू शकतात. आधी दारू प्यायल्यासारखा तोल जातो, नंतर मूत्रपिंडं निकामी होतात. सांडलेलं लगेच माती किंवा भुशाने टिपा आणि जागा भरपूर पाण्याने धुवा. जुनं कुलंट झाकणाच्या कॅनमध्ये भरून, वर मोठ्या अक्षरांत ‘विषारी’ लिहून, वापरलेलं ऑइल जमा करणाऱ्या सर्व्हिस सेंटरला द्या. पाण्याच्या बाटलीत तर चुकूनही भरू नका. लहान मुलाच्या पोटात गेलं असं वाटलं तरी लक्षणांची वाट न पाहता दवाखाना गाठा आणि सोबत डबा न्या.

फेऱ्या आणि थर्मोस्टॅट

बागेची नळी रेडिएटरच्या तोंडात घालून खालून स्वच्छ पाणी येईपर्यंत सोडायची, ही पद्धत सगळीकडे दिसते. त्यात धुतला जातो तो फक्त रेडिएटर. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापल्यावरच रेडिएटरची वाट उघडणारी झडप. इंजिन थंड असताना तो बंद असतो, त्यामुळे ब्लॉकमधलं जुनं कुलंट या पाण्याला भेटतच नाही. वर बूस्टर पंपाचा दाब थेट दिला तर जुना हीटर फुटायचा धोका वेगळा.

बरोबर पद्धत अशी. प्लग लावा, पाणी भरा, बॅटरीची वायर जोडा. हीटरचं बटण पूर्ण गरमवर, ब्लोअर सर्वांत हळू, एसी बंद. बटण गरमवर नसेल तर काही गाड्यांत हीटरची वाट बंदच राहते आणि तिथलं जुनं कुलंट तसंच उरतं. इंजिन सुरू करा, पातळी खाली गेली की भरत राहा, मग झाकण लावा. थर्मोस्टॅट गाडीनुसार ८२ ते ८८ अंशांच्या आसपास उघडू लागतो. तो उघडला हे ओळखायची खूण म्हणजे रेडिएटरचा खालचा पाइप गरम होणं. वरच्या पाइपवर विसंबू नका. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या पाइपच्या बाजूला असतो आणि वरचा पाइप आधीच तापलेला असतो. खालचा गरम झाल्यावर आणखी दहा मिनिटं इंजिन चालू ठेवा, एकदा पंखा लागू द्या, बंद करा, थंड होऊ द्या, निचरा करा. गरम इंजिनात गार पाणी ओतायचा मोह आवरा, हेडला तडा जातो.

आता हिशेब. ४.५ पैकी २.२ लिटर निघतं, म्हणजे प्रत्येक निचऱ्यात सुमारे ४९ टक्के बाहेर, ५१ टक्के आत. पहिल्या निचऱ्यानंतर जुनं कुलंट ५१ टक्के उरलं. पाण्याच्या पहिल्या फेरीनंतर २६, दुसऱ्यानंतर १३, तिसऱ्यानंतर ७. तीन फेऱ्या पुरे. चौथी केल्याने फार काही हाती लागत नाही.

पाण्याचाही असाच हिशेब. पहिल्या दोन फेऱ्यांना नळाचं आणि शेवटच्या एकाच फेरीला डीएम वॉटर वापरलंत, तर शेवटी आत सुमारे ८७० मिलिलिटर नळाचं पाणी उरतं. पहिल्या फेरीला नळाचं आणि पुढच्या दोन्हींना डीएम वापरलंत, तर जेमतेम ३०० मिलिलिटर. मुंबईसारखं धरणाचं सौम्य पाणी असेल तिथे हे चालून जातं. जिथे बादलीला पांढरे डाग पडतात तिथे तिन्ही फेऱ्या डीएमच्याच.

जुनं कुलंट तांबूस असेल तर पहिल्या फेरीत बाजारातलं रेडिएटर फ्लश घालता येतं. डब्यावर सांगितलेल्या वेळेपेक्षा एक मिनिटही जास्त नको, आणि ते घालून गाडी चालवायला बाहेर काढू नका. संडास साफ करायचं ॲसिड आणि कॉस्टिक सोडा हे दोन्ही ॲल्युमिनियम खातात. असे जुगाड सुचवणारे भेटतात, त्यांना त्यांच्या गाडीवर करू द्या. फार वर्षं नुसत्या पाण्यावर चाललेल्या गाडीत फ्लशनंतर गळती सुरू झाली, तर छिद्र आधीच होतं, ते गंजानेच बुजलेलं होतं. तो रेडिएटर तसाही जाणारच होता. गळती बंद करणारी पावडर मात्र टाकू नका, ती हीटरच्या बारीक नळ्याही बंद करते.

भरताना

तिसऱ्या फेरीनंतर आत २.३ लिटर जवळपास शुद्ध पाणी आहे आणि रिकामी जागा २.२ लिटर. इथे तयार ५०-५० मिश्रण ओतलंत, तर त्यातलं १.१ लिटर ग्लायकॉल एकूण ४.५ लिटरमध्ये पसरतं. म्हणजे २४ टक्के. डब्यावर ‘पाणी मिसळू नका’ असं लिहिलेलं होतं आणि तुम्ही पाळलंही, तरी पाणी आधीच आत बसलेलं होतं. ५० टक्के हवं तर ही सगळी २.२ लिटर जागा निव्वळ कॉन्सन्ट्रेटने भरा; ४९ टक्के जमतं. पुस्तिकेत ३० टक्क्यांना परवानगी असेल, तर दीड लिटर कॉन्सन्ट्रेट आणि वर ७०० मिलिलिटर डीएम, म्हणजे ३३ टक्के. रिझर्व्ह बॉटल (रेडिएटरला जोडलेली बाजूची बाटली) काढून धुवा आणि तिच्यात मात्र त्याच प्रमाणात आधी मिसळलेलं घाला.

हातात तयार मिश्रणच असेल आणि जुनं कुलंट त्याच प्रकारचं, स्वच्छ असेल, तर पाण्याने फ्लश करूच नका. निचरा करून तयार मिश्रण भरा, काही दिवस गाडी चालवा, पुन्हा निचरा करून पुन्हा भरा. दोन वेळांत सुमारे ७४ टक्के नवं होतं आणि प्रमाणही बिघडत नाही. नियमित देखभाल झालेल्या गाडीला हाच मार्ग जास्त शहाणपणाचा. फ्लशिंग ही गढूळ झालेल्या किंवा प्रकार बदलायच्या गाडीची गरज आहे, दर वेळी करायचा विधी नव्हे.

रिफ्रॅक्टोमीटर (थेंबावरून मिश्रणाचं प्रमाण दाखवणारं छोटं उपकरण) मिळत असेल तर शेवटी एक थेंब टाकून प्रमाण तपासा. त्यातले आकडे गोठणबिंदूचे असतात: उणे ३७ म्हणजे ५० टक्के, उणे १५-१६ म्हणजे ३० टक्के.

अडकलेली हवा

कुलंट बरोबर भरलं तरी हवा राहिली की सगळं फुकट. हवेचा फुगा हेडमध्ये अडकला तर तिथला धातू कोरडा तापतो. तापमानाचा सेन्सर त्याच फुग्यात सापडला तर त्याला पाण्याचा स्पर्शच नसतो, त्यामुळे काटा थंड दाखवतो आणि इंजिन उकळत असतं. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्यांत काटाही नाही, नुसता लाल दिवा, आणि तोही याच सेन्सरवर चालतो.

गाडीचं नाक वर राहील अशा चढावर उभी करा, मागच्या चाकांना दगड लावा, हँडब्रेक ओढा. कुलंट सावकाश, बारीक धारेने ओता. भसकन ओतलं की हवा खाली दाबली जाते. मधूनमधून वरचा-खालचा पाइप हाताने दाबा, बुडबुडे वर येतील. एखाद्या पाइपवर हवा काढायचा स्क्रू असेल तर बुडबुडे थांबून सलग धार येईपर्यंत तो उघडा ठेवा. मग झाकण न लावता, नरसाळं तोंडावर घट्ट बसवून इंजिन आयडलिंगला सोडा, हीटर गरमवर. थर्मोस्टॅट उघडला की पातळी अचानक खाली जाते. तेव्हा लगेच भरा. पंखा दोनदा लागून बंद झाला, बुडबुडे थांबले आणि एसीच्या झडपांतून चांगली गरम हवा येऊ लागली, की इंजिन बंद करा आणि जरा निवल्यावर झाकण लावा. आयडलिंगला गार आणि रेस दिली की गरम, अशी हवा येत असेल तर आत अजून फुगा आहे. बुडबुडे थांबतच नसतील, अर्धा तास झाला तरी एका लयीत येत असतील, तर ती उरलेली हवा नसून सिलिंडरमधला वायू असण्याची शक्यता मोठी. हेड गॅस्केट तपासून घ्या.

हात काळे झालेलेच आहेत तर रेडिएटरची बाहेरची जाळीही धुऊन टाका. कमी दाबाच्या पाण्याने, इंजिनच्या बाजूने पुढे. प्रेशर वॉशरने बारीक पत्रे वाकतात. घाटात तापणाऱ्या कित्येक गाड्यांचं दुखणं आतल्या कुलंटमध्ये नसून रेडिएटर आणि एसी कंडेन्सर यांच्या मधोमध अडकलेल्या धुळीत आणि किड्यांत असतं. ‘थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी तापणार नाही’ असा सल्ला मिळाला तर ऐकू नका. इंजिन कायम अर्धवट गार राहतं, पेट्रोल जास्त पितं आणि ऑइल लवकर खराब होतं.

पहिल्या दिवशी जवळच्या जवळ फिरा आणि सोबत थोडं मिश्रण ठेवा. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिन गार असताना रेडिएटरचं झाकण उघडून काठोकाठ आहे का ते पाहा, बॉटलची पातळी ‘लो’ आणि ‘फुल’च्या मध्ये ठेवा. दोन-तीन दिवस थोडी कमी होणं साहजिक आहे, उरलेली हवा निघत असते. गार झाल्यावर वरचा पाइप चपटा झालेला दिसला तर झाकणातला उलट व्हॉल्व्ह अडकला आहे, झाकण बदला. आठवड्यानंतरही पातळी उतरत असेल तर आधी क्लिपा पाहा, काढलेल्या क्लिपा पाइपवरच्या जुन्या वळावरच बसल्या आहेत ना ते तपासा. मग वॉटर पंपाच्या खालचं छोटं छिद्र पाहा. तिथे वाळलेल्या कुलंटचा रंगीत ओघळ असेल तर पंपाचं सील गेलं. कुठेच ओल नसेल, पण पुढच्या पायाशी गालिचा चिकट लागत असेल किंवा काचेवर आतून तेलकट वाफ धरत असेल, तर गळतोय तो हीटर.